हात दिसायला हवेत

आमच्या हॉलमधल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या यंत्राची मला भीती वाटायची, म्हणून मी एक वही केली होती. पहिल्या पानावर सहा ओळी. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर सांगत गेला आणि मी उतरवून घेत गेलो. कॉल रेट इतका, चित्र असं, माइक असा. शेवटी तो म्हणाला, "यातलं काही बदलू नकोस, म्हणजे सुखात राहशील." तो गंमत करत होता. मी सातवी ओळ म्हणून तेही लिहून घेतलं.

माझी शाळा आठवीतच सुटली. घर परभणीकडं. तिथून आधी नाशिकला एका मंडपवाल्याकडे साउंडच्या कामाला लागलो, मग एका केबलच्या ठेकेदाराबरोबर जव्हारला आलो. ठेकेदाराचं काम संपलं, तो गेला. मी इथल्या एका प्रशिक्षण केंद्रात राहिलो, कारण तिथल्या मॅडमनी विचारलं, "माइक लावता येतो का?" मी म्हटलं, येतो. "मग राहा." एवढीच माझी मुलाखत. आठवी शिकलेल्या माणसाच्या हातात रिमोट आणि हॉलची किल्ली देणाऱ्या त्या बाईंसमोर मला अजूनही नीट बसता येत नाही, अर्धा उठलेलाच असतो. "बस रे, खुर्ची पळून नाही जात," असं त्या म्हणतात.

काम तसं सोपं. आठवड्यातून तीन-चारदा वरून मीटिंग लागते. अर्धा तास आधी यंत्र चालू करायचं, कॉल जोडायचा आणि पलीकडून आपल्या तालुक्याचं नाव आलं की "येतोय सर, आवाज येतोय" म्हणायचं. मंडपात मी एक शिकलो होतो, दिवे गेले तर लोक बसून राहतात, आवाज गेला की उठून जातात. म्हणून माझं सगळं लक्ष आवाजावर. चित्राचं म्हणाल तर साहेब लोक बारीक आकड्यांचे तक्ते दाखवतात, ते वाचता यावेत म्हणून वहीतल्या ओळीप्रमाणे चित्र कायम 'शार्पनेस'वर. यंत्रात दोन पर्याय असतात. शार्पनेस म्हणजे चित्र रेखीव पाहिजे, हालचाल अडखळली तरी चालेल. मोशन म्हणजे हालचाल सलग पाहिजे, चित्र जरा धुरकट झालं तरी चालेल. मोशनला मी कधी बोट लावलं नव्हतं. मीटिंगमध्ये हलतंय कोण?

आता माझी चूक सांगतो. जव्हारला आलो तेव्हा मला कुणीही ओळखत नव्हतं. पहिले आठ दिवस ठेकेदाराने दिलेले पैसे संपवून मी बिस्किटांवर होतो. केंद्रासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या काकूंनी ते ओळखलं आणि एक दिवस चहाबरोबर न मागता पोहे पुढे केले. वर म्हणाल्या, "घे. दिसतोस तर असा, जणू कुणी वाळत घातलाय." डेपोतल्या एका कंडक्टर मामांनी पावसात स्वतःची जुनी घोंगडी दिली. रात्रपाळीच्या वॉचमनने चुलीवरची नागलीची भाकरी दिली. एवढे उपकार झाल्यावर माणूस परत काय देणार? माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, केंद्राच्या वायफायचा पासवर्ड.

आधी काकूंना दिला. त्यांचा मुलगा वसईला असतो, त्याच्याशी त्या तोंड बघून बोलू लागल्या. मग मामांना, मग वॉचमनला. त्यांनी कुणाकुणाला दिला ते मी विचारलं नाही. पावसाळा सरता सरता मोखाड्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं स्टँडवर बसायची सोडून आमच्या पायऱ्यांवर बसू लागली. "हितं बरा लागतो," असं एक म्हातारा मला फोन दाखवून म्हणाला. मलाही बरं वाटायचं. परक्या गावात आपल्या दाराशी चार माणसं बसतात, याचं सुख ज्याचं घर लांब आहे त्यालाच कळेल.

नवरात्राच्या आधी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, की परवा आपल्या हॉलमधून एक मुलाखत आहे. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरची एक मुलगी, बावीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नाशिकला निवासी शाळेत राहून दहावी झाली, तिथेच खुणांची भाषा शिकली. आता पुण्याकडे कर्णबधिर मुलांच्या एका वसतिगृहात लहान मुलांना सांभाळायची आणि ती भाषा शिकवायची जागा निघाली होती. मुलाखत घेणारे तिघे, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातांनी होणार होतं.

"तिला तिथं बोलवत का नाहीत?" मी विचारलं.

"सगळ्यांच्याच मुलाखती अशा घेतायत. आणि हे बघ," मॅडम म्हणाल्या, "ती दोन वर्षं घरी बसून आहे. पाड्यावर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं एक माणूस नाही. ही जागा गेली तर पुढच्या वर्षी निघेल की नाही, देव जाणे."

म्हणजे एका मुलीला बोलायला माणसं मिळणार की नाही, ते माझ्या रिमोटवर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी चाचणी कॉल होता. मुलगी आईबरोबर आली. अंगानं बारीक, डोळे सारखे फिरते. हॉलमध्ये आल्या आल्या तिने कॅमेरा, पडदा, खिडकी, सगळं बघून घेतलं आणि मग मला बघितलं. मला उगाच वाटलं, हिला माझी वही दिसली. आई मात्र बोलकी.

"दादा, ही ऐकत नाय, पन बघते सगळा. तू नीट कर हां."

"करतो मावशी."

"घाम का आला तुला? पंखा तर चालू हाय."

कॉल जोडला. पलीकडे पुण्याचे एक गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी हातांचं बोलणं तोंडाने सांगणाऱ्या दुभाषी बाई. मुलीने हात उचलले आणि बोलायला लागली. आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र नीट दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त. पण पलीकडचे गृहस्थ पुढे झुकले, डोळे बारीक केले, हाताने थांब म्हणाले. दुभाषी बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून चित्र थांबत थांबत येतंय. हात दिसतच नाहीत. मध्ये चौकोन चौकोन होतात." दोनदा तोडून जोडला, तेच. शेवटी त्या जरा अवघडून म्हणाल्या, "उद्या अकराला असंच राहिलं तर सर म्हणतायत आम्हाला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. बाकीच्यांच्या मुलाखती झाल्यात, उद्या निवड संपवायचीय."

मुलीला हे सांगावं लागलं नाही. ती बघत होती.

मॅडमनी मला व्हरांड्यात नेलं. "लाइन तर गेल्या वर्षी वाढवून घेतली आपण. कमी का पडतेय?"

माझ्यासमोर दोन रस्ते होते. लाइनवाल्या कंपनीवर ढकलता आलं असतं, ते कुणालाही पटतं. पण ती मुलगी दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि बघणाऱ्या माणसासमोर मला खोटं बोलता येत नाही.

"मॅडम, मी पासवर्ड दिलाय."

"कुणाला?"

"चहाच्या काकूंना."

"एकट्या काकूंनी एवढी लाइन खाल्ली?"

"मामांना पण. वॉचमनला. आणि... पायऱ्यांवरच्यांना."

"किती जण?"

"मोजले नाहीत."

 मला वाटलं, आता मॅडम किल्ली मागतील. मी खिशात हातही घातला. त्यांनी कठड्यावरून पायऱ्यांकडे बघितलं. तिथे नऊ-दहा माणसं फोन डोळ्यांसमोर धरून हसत-बोलत बसली होती. मॅडमच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "तूच दिलास, तूच थांबव," एवढंच म्हणाल्या.

पासवर्ड बदलावा तर राउटरमध्ये शिरायचा कोड लाइनवाल्या माणसाकडे, आणि तो फोन उचलेना. वायफाय बंद करावं तर आमचं यंत्रही वायफायवरच, कारण हॉलपर्यंतची वायर पावसाळ्यात उंदरांनी कुरतडून ठेवलेली. म्हणजे एकेका माणसासमोर जाऊन उभं राहणं आलं. ज्यांचं खाल्लं त्यांनाच सांगायचं, की मी दिलेलं परत द्या. टपरीपर्यंतची वीस पावलं मला जड झाली.

काकूंनी ऐकून घेतलं आणि गाळणी आपटली. "म्हणजे माझ्या पोराचं तोंड बघायचं नाही?"

"फक्त उद्या काकू. दहा ते एक."

"आणि हे तू रडक्या तोंडाने का सांगतोस? मी काय तुला खाते का?" मग हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या मायलेकींकडे त्यांचं लक्ष गेलं. "हीच का ती पोरगी?"

"हो."

"मग नुसतं सांगून कोण ऐकणार आहे इथं! थांब, मी बघते."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बाहेर आलो तर काकूंनी टपरीच्या बाकड्यावर एक मोठी बांबूची पाटी मांडली होती, भात वाहायची असते तशी. पायऱ्यांवर येणाऱ्या प्रत्येकाला त्या अडवत होत्या. "फोन बंद कर आणि पाटीत टाक. एक वाजता घेऊन जा. चहा माझ्याकडून." लोक कुरकुरत होते, पण टाकत होते. कंडक्टर मामांनी स्वतःचा टाकला आणि वर ओरडले, "काकू, पाटी सांभाळा, एवढ्या किमतीची पाटी जव्हारात कुणी बघितली नसेल!" म्हातारा म्हणाला, "माझा साधा हाय, त्याच्यात काय येत नाय." काकू म्हणाल्या, "टाका, मग तुम्हाला पण चहा."

आत मी यंत्राचा कॉल रेट बघितला. दोन हजार अठ्ठेचाळीस, वहीप्रमाणे. कॉल रेट म्हणजे यंत्र दर सेकंदाला लाइनीवर किती माल लादणार तो आकडा. लाइन भरलेली असली तरी यंत्र तेवढाच लादतं, मग अर्धा माल वाटेत सांडतो आणि पलीकडे चौकोन पोचतात. आज लाइन मोकळी होती. साडेदहाला कॉल जोडला. चौकोन गेले. मी रिमोट खाली ठेवला तोच दुभाषी बाई म्हणाल्या, "चेहरा फार छान दिसतोय आज. पण हात अजून तुटतायत. एक खूण दिसते, पुढची एकदम तिसरीच."

 फोन गोळा झाले, लाइन रिकामी झाली, आता करायचं काय राहिलं? मी वही उघडली. सहा ओळी वाचल्या. परत वाचल्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात अकराला वीस मिनिटं उरलेली.

मुलगी खुर्चीवरून उठली. माझ्याजवळ आली, पडद्यावरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि नको म्हणून मान हलवली. मग स्वतःचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढे धरून भराभर हलवले. मला कळलं नाही. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्याच वहीत, इंजिनिअरच्या सातव्या ओळीखाली लिहिलं, "चेहरा नको. हात पाहिजेत."

शार्पनेस. मी स्वतःच तक्त्यांसाठी लावून ठेवलेलं. यंत्र बिचारं तिचा चेहरा, कानातलं, मागच्या भिंतीचा पोपडासुद्धा रेखीव पाठवायला सगळी ताकद लावत होतं आणि हातांसाठी काही उरत नव्हतं. रोज आम्ही पुतळ्यासारख्या माणसांना पाठवतो, म्हणून ते कधी कुणाला कळलंच नाही.

"मॅडम, वहीतलं बदलू का?"

"तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते."

"ते दिसतंय. बदलायचं की नाही ते सांग."

मी मोशन लावलं. यंत्राने विचारलं, नक्की का? मी मावशींकडे बघितलं. त्या कोपऱ्यात मुठी आवळून बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी त्यांनाच विचारतोय. म्हणाल्या, "हां हां, कर!" केलं. रिझोल्यूशन एक पायरी खाली आणलं. कॉल रेट दोन हजारांवरून सातशे अडुसष्टवर, म्हणजे मध्येच कुणी पाटीतला फोन उचलून घेतला तरी यंत्राला पुरेल. ज्या माणसाने कायम मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा असंच समजलं होतं, त्याने हे आपल्या हाताने केलं. कॅमेरा मागे घेतला, तिचं डोकं ते कंबर चौकटीत येईल असा. आणि माइक बंद केला. माझ्या सगळ्या नोकरीत कॉल चालू असताना माइक मी पहिल्यांदाच आपण होऊन बंद केला.

तिने हात उचलले. पलीकडचे गृहस्थ पुढे झुकले. मग मागे टेकून बसले आणि त्यांनीही हातांनी उत्तर दिलं. दुभाषी बाई हसून म्हणाल्या, "चेहरा जरा धुरकट आहे, पण सर म्हणतात, असू दे, आम्हाला बोलणं दिसतंय."

अकराला मुलाखत सुरू झाली. मी आयुष्यात इतकी शांत मीटिंग बघितली नाही. आवाज येतोय का म्हणून कुणी विचारलं नाही. नुसते हात. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी नजर काढवत नव्हती. आदल्या दिवशी दारात उभी राहून नुसती बघणारी ती मुलगी इतकं बोलत होती, की मध्ये मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या एका बाईंना तिला थांबवून प्रश्न विचारावा लागला. एकदा ती काहीतरी बोलली आणि तिघंही खो खो हसले. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. दोघांनाही काय ते कळलं नव्हतं. मावशी मात्र कौतुकानं हसल्या. "ही घरी आमच्याशी एवढी नाय बोलत," त्या हळूच मला म्हणाल्या. "आमाला येतच नाय ना." हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. एकदम पलीकडच्या तिघांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि पंजे थरथरा हलवायला लागले.  चित्र गेलं! हात हलवून सांगतायत, की काही दिसत नाही! मी झडप घालून रिमोट उचलला, तोडून परत जोडावं म्हणून बटणावर बोट ठेवलं, इतक्यात मुलीने माझ्या मनगटावर सण्णकन चापट मारली. डोळे वटारले. मग पडद्याकडे वळून तिनेही हात वर केले आणि तसेच हलवले.

"अहो दादा, काही तोडू नका," दुभाषी बाई घाईने म्हणाल्या. "टाळ्या आहेत त्या! आम्ही अशाच वाजवतो." मग मॅडमना उद्देशून, "एरवी आम्ही नंतर पत्राने कळवतो, पण ही शेवटची मुलाखत होती आणि तिघांचं एकमत आहे. तिला घेतलंय. पंधरा दिवसांत रुजू व्हायला सांगा."

चापट बसलेलं मनगट धरून मी तसाच उभा राहिलो. मॅडम उठल्या आणि त्यांनीही हात वर करून पंजे हलवले. जरा उशिरा मीही.

मावशींना पडद्यावरचं मराठी नीट कळलं नसावं, दुभाषी बाई भरभर बोलत होत्या. त्या मला विचारायला निघाल्या होत्या, पण मुलगी आधी त्यांच्यासमोर जाऊन बसली. मायलेकींच्या घरच्या खुणा वेगळ्या, मलाही कळतील अशा. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग लांब, डोंगरापलीकडे बोट दाखवलं. मग तळहात जमिनीपासून थोडा वर धरला, त्याहून वर, आणखी वर. लहान पोरं, खूप पोरं. मग डोक्यावर बोचकं ठेवल्याचं केलं. आणि दोन्ही पंजे उघडून दाखवले, पुन्हा एक पंजा. पंधरा.

मावशी तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग एकदम कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पंधरा दिवसांत? मंग यंदा भात कोन कापल?"

बोलताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. मुलीला शब्द ऐकू गेले नाहीत, पण कमरेवरचे हात तिला दिसले. तिने हवेत विळा चालवून दाखवला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"येशील का रे दादा?" मावशींनी विचारलं. "येतो का कापाया?"

"येतो," मी म्हणालो.

भात मी जन्मात कापला नव्हता. आमच्याकडं सोयाबीन.